एकाच्या आकड्यांची सरस्वती

परवा भाचीचा कॅनडाहून फोन आला. तिची सहा वर्षांची मुलगी तिथल्या एका फ्रेंच शाळेत जायला लागली आहे. घरात मराठी, रस्त्यात इंग्रजी आणि शाळेत पहिल्या दिवसापासून नुसतं फ्रेंच. "इमर्शन म्हणतात मावशी त्याला. भाषेत बुडवूनच काढतात मुलांना," भाची कौतुकाने सांगत होती. "बाईंना इंग्रजी चांगलं येतं, पण येत नाही असंच दाखवतात. मुलांनी काही विचारलं तरी उत्तर फ्रेंचमध्येच. आठवड्यात पोरगी गाणं म्हणायला लागली बघ!" मग ते गाणं झालं. मी "वा वा" म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आदळली.

राग त्या लेकराचा नव्हता. ती गोडच गात होती. राग आला तो "येत नाही असंच दाखवतात" ह्याचा. हे नाटक मी वडगावच्या शाळेत एक आठवडा बघितलं आहे, आणि पन्नास वर्षं झाली तरी ते आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही निपाणीहून बेळगावला आलो, कारण आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत काम मिळालं. आई तोवर निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडायला जायची. वडगावात विणकरांच्या गल्लीत आम्ही एक खोली घेतली. भिंतीपलीकडे माग होता, उजाडल्यापासून त्याची खटक-खटक सुरू व्हायची. मी तेव्हा तिसरीत होते आणि निपाणीच्या मराठी शाळेत वर्गात पहिली होते. हे सांगताना मी उगाच लाजणार नाही. तिसापर्यंतचे पाढे आणि वर पावकी-निमकी, सगळं मला तोंडपाठ होतं.

गल्लीच्या तोंडाशीच कन्नड शाळा होती आणि मराठी शाळा मोठा रस्ता ओलांडून पलीकडे. पण मुद्दा अंतराचा नव्हताच. आप्पा कामावर लागल्या-लागल्या ठरवून बसले होते. "मेस्त्री कन्नड बोलतोय, हापिसातला कारकून कन्नड बोलतोय, आन् मी नंदीबैलागत नुसती मान हलवतोय. पोरांवर ही पाळी न्हाय यायची." हे कळल्यावर बोरगावहून मामा भांडायला आला. "अवो, लोकं मराठीसाठी मोर्चे काढाय लागल्यात, आन् तुमी पोरं कन्नड शाळंत घालताय?" आप्पा म्हणाले, "मोर्चा संपल्यावर माणूस कामावरच जातोय न्हवं?" मामा न जेवता निघून गेला. दोघंही आपापल्या जागी खरे असतील. मला मात्र दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

नाव घालायला गेलो तेव्हा हेडमास्तर आप्पांशी मराठीत बोलले. चांगलं, स्वच्छ मराठी. माझा धाकटा भाऊ त्या वर्षी पहिलीतच जायचा होता, त्यामुळे त्याचा प्रश्न मिटला. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "पोरगी हुशार आहे म्हणता, ठीक आहे. पण कन्नडचं काय? आठवडाभर तिसरीत बसवतो. शनिवारी बघू. चार वाक्यं बोलली तर राहील तिसरीत, नाही तर पहिलीपासून सुरुवात."

पहिली म्हणजे धाकट्याचा वर्ग! ज्याला आपला शेंबूड पुसायची अक्कल नव्हती त्याच्या शेजारी मी पाटी घेऊन बसायचं. घरी येताना तो पुढे उड्या मारत होता आणि मागे वळून सांगत होता, "आक्का, काय काळजी करू नगंस. मी तुझी जागा धरून ठिवतो." मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पण रात्री झोप काही आली नाही.

तिकडे बाईंना अक्कोरू म्हणतात. आमच्या अक्कोरू धारवाडकडच्या, तरुण होत्या, वेणीत अबोलीचा गजरा माळायच्या. आवाज मऊ होता. मारायच्या मुळीच नाहीत. त्या मारत असत्या तर मला रागवायला सोपं गेलं असतं. सोमवारी त्यांनी मला पुढच्या रांगेत बसवलं आणि वस्तू दाखवून-दाखवून शिकवायला सुरुवात केली. खडू उचलायचा आणि काहीतरी म्हणायचं, की सगळा वर्ग सुरात तेच म्हणायचा. मग खिडकी, मग खिडकीबाहेरचं झाड. मी तोंड मिटून बसले होते. मला खडू माहीत होता, खिडकी माहीत होती. मी तिसरीतली मुलगी, काल जन्मलेली नव्हते.

दुपारी मला लघवीला लागली. मी करंगळी वर केली. करंगळी जगात कुठेही करंगळीच असते, असं मला अजून वाटतं. अक्कोरूंनी ती बघितली, हसल्या, आणि "होगी बरलेन्री" असं सावकाश, तोडून-तोडून म्हणून मला खूण केली की आता तू म्हण. जाऊन येऊ का, एवढाच त्याचा अर्थ. मला तो त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळलाही होता. पण तशा अवस्थेत, पन्नास पोरांसमोर, अनोळखी शब्द तोंडातून निघेना. त्या वाट बघत उभ्या राहिल्या. मी करंगळी खाली घेतली, पायाला पाय आवळून घंटा होईपर्यंत बसले आणि मग घरापर्यंत धावत सुटले. आईने विचारलं, "काय झालं गं?" मी तिला ओलांडून मोरीकडे पळाले. मला वाटलं, हे सांगितलं तर आप्पा अक्कोरूंचीच बाजू घेतील. आणि त्यांनी घेतलीच असती.

मंगळवारी गणित होतं. फळ्यावर कन्नड आकडे. ते मी शेजारणीच्या पाटीवरून आणि उत्तरांवरून अंदाजाने ओळखले, बेरजा-वजाबाक्या करून टाकल्या आणि उत्तरं मला येत होत्या त्या आकड्यांत, म्हणजे आपल्या मराठी आकड्यांत लिहिली. वर्गात सगळ्यांच्या आधी माझी पाटी पालथी पडली. अक्कोरूंनी ती सरळ केली, बघितली आणि वरपासून खालपर्यंत एक तिरपी रेघ ओढली. एकही उत्तर न वाचता. उत्तरं बरोबर होती. आजही सांगते, बरोबर होती. मी पाटीकडे बोट दाखवून मराठीत म्हणाले, "बाई, बरोबर हाय की!" त्यांनी मान हलवली, कानाला हात लावला, काही कळत नाही अशी खूण केली. मागून एक मुलगी म्हणाली, "मूगी." म्हणजे मुकी. हा शब्द कळायला कन्नड यावं लागत नाही.

तरीसुद्धा मी अक्कोरूंना बरंच माफ केलं होतं. म्हटलं, त्यांना मराठी येतच नसेल तर त्या तरी काय करणार? मलाही त्यांचं येत नाही. फिटंफाट.

बुधवारी शाळा सुटल्यावर फाटकापाशी मेथीवाली बसली होती, खालच्या गावातून येणारी मराठी बाई. अक्कोरू तिच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या आणि मेथीची पेंडी उलटीपालटी करत म्हणत होत्या, "कोवळी आहे का गं? परवा दिलीस ती नुसती देठंच होती. घरात बोलणी खाल्ली मी." हे असं. बोलीत थोडा कन्नड हेल होता, बाकी मराठी जसंच्या तसं. मी तिथेच खांबासारखी उभी राहिले. त्यांनी वर बघितलं. आमची नजरानजर झाली. मला वाटलं, आता तरी हसून म्हणतील, "काय गं पोरी?" त्या हसल्या, पण बोलल्या ते कन्नडच. मेथीवालीला मराठी आणि मला कन्नड. मेथीला जी किंमत होती ती मला नव्हती.

मला माहीत आहे, पद्धतच तशी असते. मला हे शिकलेल्या माणसांनी समजावून सांगितलं आहे. आमच्या बाजूला पोरांना पोहायला शिकवताना विहिरीत ढकलतात, हेही खरं. पण ढकलायच्या आधी पाठीला वाळका भोपळा बांधतात आणि काका-मामा कुणीतरी पाण्यात उभा असतो. मला भोपळा नव्हता. आणि जो पाण्यात उभा होता तो, आपल्याला पोहताच येत नाही असं दाखवत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

कन्नडचा मला राग नव्हता, हे इथे सांगून टाकते, नाही तर लोक भलताच अर्थ लावतील. भिंतीपलीकडे माग होता त्या घरात एक म्हातारी अज्जी होती. ती दिवसभर रहाटावर कांड्या भरत बसायची, म्हणजे मागाला लागणारं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, खरोखरीच येत नव्हता. मी शाळेतून आले की तिच्याशेजारी जाऊन बसायचे. ती चुरमुऱ्यांची वाटी पुढे सरकवायची आणि बोलत सुटायची. मी मराठीत उत्तर द्यायचे, ती मान डोलवायची. रहाटावर सुताची धूळ बसली की माझ्या हातात फडकं द्यायची, "ओरसव्वा, ओरसु," म्हणायची, मी पुसायचे. मला चार दिवस झाले तरी कळलं नाही की मी काही शिकते आहे.

तिची सून नळावर भांडायची. काय भांडायची! घागर पुढे सरकवली की तिचं "याक?" सुरू. का हलवलीस? का बघतेस? का आलीस? प्रत्येक वाक्यात एक "याक". माझी आई त्या रांगेत सगळ्यांत मागे घागर घेऊन उभी असायची. निपाणीच्या वखारीत मुकादमाशी तोंडाला तोंड देणारी माझी आई तिथे शब्द काढत नव्हती, कारण शब्दच नव्हता. तिची घागर मागे सारली तरी ती गप्प. तिचा तर कुणी आठवडाही ठरवला नव्हता.

गुरुवारपर्यंत धाकटा गोट्यांवरून कन्नडमध्ये भांडायला लागला होता. आप्पा कामावरून आले की भट्टीची काजळी धुता-धुता मला विचारायचे, "आज काय बोललीस?" मी त्यांच्या हातावर पाणी ओतत राहायचे. "त्यो बघ, ल्हान असून बोलाय लागला." मग धाकटा मला ऐकू जाईल अशा बेताने आईला सांगायचा, "आये, माझ्या बाकावर लई जागा हाय."

शुक्रवार आला. त्या शाळेत दर शुक्रवारी शेवटच्या तासाला सरस्वतीची पूजा असायची. भिंतीवरची तसबीर खाली घ्यायची, फुलं वाहायची, पाट्या समोर मांडायच्या, मग गूळ-चुरमुरे वाटायचे. अक्कोरूंनी खुणेने सांगितलं, पाट्या स्वच्छ करा, पूजेला ठेवायच्या आहेत. आठवड्यात पहिल्यांदा मला सगळं कळलं. आणि मी खूश झाले, कारण पूजेची पाटी कशी असते हे मला शिकवायची गरज नव्हती.

आमच्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतात. चित्र नाही. नुसते एकाचे आकडे, एकाला एक जोडत, खाली रुंद आणि वर निमुळते होत जाणारे, कळस चढवल्यासारखे. एक जरी एक चुकला तरी आकृती बसत नाही. मी पहिलीपासून काढत आले होते. मी काढत असले की आई, जिला लिहिता येत नव्हतं, शेजारी हळद-कुंकू घेऊन बसून राहायची. माझं झालं की ती पाटीला हळद-कुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची. ती पाटी त्या दिवशी कुणी पुसायची नाही, पाय लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी आई स्वतः ती पाण्यात धरायची. फडकं लावायची नाही.

मी बाकांच्या कडेला जमिनीवर बसून ती काढली. हात जरासुद्धा हलला नाही. इतकी सुबक सरस्वती मी निपाणीतही काढली नव्हती. आठवडाभर मुकी ठरलेल्या मुलीची ती पाटी होती. मनात होतं, आता ही बघतील. आता तरी कळेल ह्यांना की मी कोण आहे. मी ती नेऊन बरोबर तसबिरीसमोर ठेवली.

अक्कोरू पाट्या सारख्या करत आल्या. बाकीच्या पाट्यांवर कन्नडमध्ये "श्री" होतं. माझ्या पाटीशी थांबल्या. कपाळाला आठी घातली, "च्च्" केलं, फळ्याचं ओलं फडकं उचललं आणि एका हाताने, खालून वर, सगळी पुसून टाकली. मग कोरी पाटी माझ्यापुढे धरली आणि हवेत बोटाने "श्री" काढून दाखवला. त्यांना ती काय आहे ते माहीत नव्हतं? बेळगावात राहून, मेथीवालीशी भांडण्याइतकं मराठी येत असून? का माहीत होतं आणि तरी? मला आजही सांगता येणार नाही.

मी उठले. तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून, देवाशपथ, मी न ठरवता, नळावरच्या सुनेच्या आवाजात बाहेर पडलं, "सरस्वती ऐत्री अदु! याक ओरसिद्री?"

ती सरस्वती आहे. का पुसली?

वाटलं, आता मार बसणार. पण अक्कोरूंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्यांनी फडकं टाकलं आणि टाळ्या वाजवल्या. "मातनाडिदळ! मातनाडिदळ!" बोलली, बोलली! सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. "मूगी" म्हणणारीनेसुद्धा. अक्कोरूंनी मला जवळ घेतलं, आणि हाताला धरून जवळजवळ पळतच हेडमास्तरांच्या खोलीत नेलं.

मला वाटलं, चांगलं झालं. हे मोठे आहेत, ह्यांना मराठीही येतं. हे विचारतील अक्कोरूंना. "हेळव्वा," ते म्हणाले, सांग बाई. मी सांगितलं. तेच वाक्य, पहिल्यापेक्षा मोठ्याने. शेवटच्या शब्दाला रडू फुटलं. ते मान तिरपी करून लक्ष देऊन ऐकत होते. ऐकून झाल्यावर टेबलावर थाप मारून म्हणाले, "शाब्बास! री सुद्धा लावते!" री म्हणजे आपलं अहो-जाहो, मोठ्यांशी बोलताना शब्दाच्या शेवटी लावायचं. तेवढ्यात चौथीचे मास्तर आत आले, त्यांच्यासाठी मला पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी मी बघितलं, ते तिघंही माझ्या ओठांकडे बघत होते. मी तक्रार करत होते आणि ती माणसं माझे उच्चार ऐकत होती.

शनिवारची परीक्षा झालीच नाही. हेडमास्तरांनी शाळा सुटताना आप्पांसाठी निरोप दिला, धाकट्याकडे, मराठीत: तिसरीत राहू दे.

आप्पा संध्याकाळी कुंदा, म्हणजे बेळगावची ती खव्याची मिठाई, घेऊन आले. उद्यमबागेपासून सगळ्यांना सांगत आले होते, पोरगी आठवड्यात कन्नड बोलाय लागली. त्यांनी मला वाक्य म्हणायला लावलं. मी म्हटलं, चौथ्यांदा. ते एवढे खूश की त्यांना अर्थ विचारायचंही सुचलं नाही. धाकटा मात्र हिरमुसला होता. जागा धरून ठेवण्यात त्याचा आठवडा गेला होता.

आईने मला जवळ ओढलं. "काय बोललीस म्हणं?"

मी मराठीत सांगितलं. सरस्वती काढली, पुसली, मग मी काय बोलले, ते सगळं.

"मग काय म्हणाल्या त्या?"

"शाब्बास म्हणाल्या."

"त्ये न्हवं. का पुसली, त्येचं काय म्हणाल्या?"

"कायच न्हाय."

आईने कुंद्याची पुडी तशीच बांधून ठेवली. "सोमवारी परत इचार," ती म्हणाली. "उत्तर घेतल्याबिगर बसू नगंस."

सोमवारी मी तिसरीत गेले आणि अक्कोरू वर्गात आल्या-आल्या उभी राहिले. नीट, न रडता, री लावून विचारलं, का पुसली? त्या गोड हसल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या की हे वाक्य तुला आलं, छान झालं, आता बस, आपण दुसरं शिकू या. हे त्या कन्नडमध्येच बोलल्या. आणि मला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं समजलं.